बीॲट्रिस शिलिंग

बीॲट्रिस शिलिंग (जन्म : ८ मार्च १९०९, वॉटरलूव्हिल, हॅम्पशायर, इंग्लंड, मृत्यू : १८ नोव्हेंबर १९९०) या ब्रिटिश मोटारसायकल शर्यतपटू आणि विमान-अभियंता होत्या. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स या शर्यतमार्गावर ताशी १०० मैलांहून (सुमारे १६१ किमी) अधिक वेगाने फेरी पूर्ण करणाऱ्या चालकाला दिला जाणारा ‘गोल्ड स्टार’ म्हणजेच सुवर्णतारा त्यांनी १९३४ मध्ये मिळवला. त्या मार्गाच्या संपूर्ण इतिहासात हा मान केवळ तीन स्त्रियांना मिळाला असून शिलिंग त्यांपैकी दुसऱ्या होत. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइस कंपनीच्या मर्लिन या विमान-इंजिनातील इंधनपुरवठ्याचा गंभीर दोष त्यांनी एका लहानशा पितळी तुकड्याच्या साहाय्याने आटोक्यात आणला.

शिलिंग यांचे नाव आज मुख्यतः या पितळी तुकड्यासाठी घेतले जाते आणि त्यांची शर्यतीतील कारकीर्द ही एक रंजक पुरवणी म्हणून सांगितली जाते. त्यांच्या आयुष्यातील क्रम मात्र याच्या उलट होता. मोटारसायकल आधी आली. तिच्यामुळे इंजिन समजून घेण्याची ओढ लागली आणि त्या ओढीतून पुढचे शिक्षण व नोकरी घडत गेली.

बालपण

शिलिंग यांचे वडील खाटकाचा व्यवसाय करीत. तीन बहिणींमध्ये बीॲट्रिस सर्वांत धाकट्या. पुढे हे कुटुंब सरे परगण्यातील डॉर्किंग या गावी राहावयास गेले. लहानपणापासून त्यांना हत्यारांची आवड होती. मेकॅनो या जोडणीच्या खेळण्यातून त्यांनी तयार केलेल्या सूतकताईच्या चाकाच्या प्रतिकृतीला त्या खेळण्याच्या मासिकाने घेतलेल्या स्पर्धेत बक्षीस मिळाले होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी रॉयल एन्फील्ड कंपनीची टू-स्ट्रोक मोटारसायकल विकत घेतली. भारतात आज या कंपनीचे नाव ‘बुलेट’शी जोडले गेलेले आहे, १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये ती हलक्या व स्वस्त गाड्याही बनवीत असे. ही गाडी खोलणे व पुन्हा जोडणे हा शिलिंग यांचा पहिला अभ्यासक्रम म्हणता येईल. अभियंता व्हावयाचे हे त्यांनी याच वयात ठरवले.

शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलीला त्या काळी अभियांत्रिकीत शिरण्याचा सरळ मार्ग नव्हता. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत काम केलेल्या स्त्रियांना युद्ध संपताच घरी पाठवण्यात आले होते आणि त्याला उत्तर म्हणून १९१९ मध्ये ‘विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी’ ही स्त्री-अभियंत्यांची संघटना स्थापन झाली होती. या संघटनेतील एक प्रमुख कार्यकर्त्या मार्गारेट पार्ट्रिज यांचा स्वतःचा विद्युत व्यवसाय होता. खेड्यापाड्यांत जनित्रे बसवणे, घरांना वायरिंग करून देणे अशी कामे त्या घेत आणि मुद्दाम मुलींना उमेदवार म्हणून ठेवीत. शिलिंग यांनी त्यांच्याकडे तीन वर्षे काम केले. वायरमनची सगळी कष्टाची कामे त्या तेथे शिकल्या. त्यांनी विद्यापीठात जावे हा आग्रहही पार्ट्रिज यांचाच.

शिक्षण

१९२९ मध्ये शिलिंग यांनी मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. त्या वर्गात त्यांच्यासह दोनच मुली होत्या. दुसऱ्या शीला मॅकगफी. शुल्क व खर्चासाठी त्यांना स्त्रियांच्या रोजगारासाठी झटणाऱ्या एका संस्थेकडून बिनव्याजी कर्ज मिळाले. १९३२ मध्ये पदवी मिळाल्यावर त्या तेथेच थांबल्या आणि यंत्र अभियांत्रिकीत पदव्युत्तर पदवी घेऊन १९३३ मध्ये बाहेर पडल्या. विजेकडून यंत्राकडे झालेले हे वळण लक्षात घेण्यासारखे आहे. वायरिंग हे पोटापाण्याचे साधन होते; मन इंजिनात होते.

जागतिक मंदीच्या त्या वर्षांत पदवीधर पुरुषांनाही काम मिळणे अवघड झाले होते. शिलिंग यांना बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक जी. एफ. मक्लो यांच्या संशोधनात साहाय्यक म्हणून जागा मिळाली. संशोधनाचा विषय होता सुपरचार्जर लावलेले एक-सिलिंडरचे इंजिन. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबाने भरली असता इंजिनाची शक्ती, तापमान आणि इंधनाचा खर्च यांत काय फरक पडतो याची मोजणी. दिवसा प्रयोगशाळेत एक-सिलिंडरच्या इंजिनाची मापे घ्यायची आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या एक-सिलिंडर मोटारसायकलवर हात चालवायचा, असा त्यांचा या काळातील दिनक्रम होता.

ब्रुकलँड्सचा मार्ग

शिलिंग यांची कामगिरी समजण्यासाठी ब्रुकलँड्सची माहिती आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती आणि रस्त्यावर शर्यती घेण्यास परवानगी नव्हती. आयल ऑफ मॅन हे बेट स्वतःचे कायदे करीत असल्याने तेथे रस्त्यावरील ‘टीटी’ शर्यती सुरू झाल्या. मुख्य भूमीवर मात्र दुसरा उपाय शोधावा लागला. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यात वेब्रिजजवळ स्वतःच्या जमिनीवर खास शर्यतीसाठी मार्ग बांधला. १९०७ मध्ये खुला झालेला हा मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला जगातील पहिला शर्यतमार्ग मानला जातो.

बाहेरील फेरीची लांबी २.७५ मैल (सुमारे ४.४ किमी) आणि रुंदी १०० फूट होती. दोन मोठ्या वळणांवर काँक्रीटचा उतार जवळजवळ तीस फूट उंच चढवलेला होता, जेणेकरून वेग कमी न करता वळण घेता यावे. जत्रेतील मौत का कुआँमध्ये गाडी ज्या कारणाने भिंतीला चिकटून राहते, तेच तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर वापरले होते. काँक्रीटमध्ये लोखंडी सळया नव्हत्या. त्यामुळे जमीन खचत गेली तसतसे पृष्ठभागाला तडे व उंचवटे आले आणि १९३० च्या दशकापर्यंत हा मार्ग अत्यंत खडबडीत झाला होता. वे नदीवरच्या पुलाचा भाग सळयांचा असल्याने तो फारसा खचला नाही, आजूबाजूचा खचला. परिणामी तेथे वेगात आलेले वाहन जमीन सोडून हवेत उडत असे. मोटारीला चार चाके व वजनाचा आधार तरी असे. मोटारसायकलस्वाराला हा हिसका आपल्या मनगटांवर आणि गुडघ्यांवर झेलावा लागे.

या मार्गावर ‘ब्रिटिश मोटर सायकल रेसिंग क्लब’ मोटारसायकलींच्या शर्यती भरवीत असे. त्यातील बऱ्याच शर्यती सवलतीच्या, म्हणजे हँडिकॅप पद्धतीच्या असत. मंद गाडी आधी सोडायची, वेगवान गाडी मागाहून, म्हणजे शेवटी सगळे जवळजवळ एकत्र यावेत. अशा शर्यतीत पहिला क्रमांक येणे हे काही अंशी सवलत ठरवणाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून असे. फेरीचा वेग मात्र घड्याळ सांगे आणि त्यात कोणाची मर्जी चालत नसे. म्हणूनच क्लबच्या शर्यतीत ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने एक फेरी काढणाऱ्यास मिळणाऱ्या छोट्याशा ताऱ्याच्या बिल्ल्याला चषकांपेक्षा अधिक मान होता. १९३७ मध्ये वॉल हँडली यांनी बीएसए कंपनीच्या गाडीवर हा तारा मिळवल्यावर कंपनीने पुढील वर्षी आपल्या नव्या मोटारसायकलीलाच ‘गोल्ड स्टार’ हे नाव दिले, यावरून त्याचे वजन कळते.

नॉर्टन आणि सुवर्णतारा

शिलिंग यांची शर्यतीची गाडी नॉर्टन कंपनीची ‘मॉडेल ३०’ ही होती. सुमारे ५०० सीसीचे, एकाच सिलिंडरचे आणि वर कॅमशाफ्ट असलेले हे इंजिन त्या काळातील सर्वोत्तम शर्यती इंजिनांपैकी एक होते. परंतु दुकानातून आणलेली नॉर्टन ब्रुकलँड्सवर आपोआप १०० मैलांचा वेग देत नसे. इंजिनाचे ट्यूनिंग, कार्ब्युरेटरचा जेट, गिअरचे प्रमाण, टायरमधील हवा या सर्वांचा मेळ बसवावा लागे. व्यावसायिक चालकांच्या पाठीशी यासाठी कारखान्याचे कारागीर किंवा ब्रुकलँड्समध्येच गॅरेज थाटून बसलेले नामांकित ट्यूनर असत. शिलिंग आपली गाडी स्वतः तयार करीत.

एप्रिल १९३४ मध्ये फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन यांनी ताशी १०० मैलांची सीमा ओलांडून सुवर्णतारा मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रीचा मान पटकावला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिलिंग यांनी नॉर्टनवर ती सीमा पार केली. २.७५ मैलांची फेरी ताशी १०० मैलांनी पूर्ण करण्यासाठी ९९ सेकंद लागतात. तारा मिळवायचा तर त्याहून कमी वेळात फिरून यावे लागे. त्यांचा सर्वाधिक वेग ताशी १०६ मैल (सुमारे १७० किमी) असल्याचे नोंदले गेले आहे. हा वेग सतत राखता आला तर अकोला ते अमरावती हे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर पस्तीस मिनिटांत कापले जाईल. तोही आजच्या गुळगुळीत डांबरी महामार्गावर नव्हे, तर तडे गेलेल्या काँक्रीटवर, मागच्या चाकाला स्प्रिंगचा आधार नसलेल्या गाडीवर आणि डोक्याला आजच्यासारखे पूर्ण हेल्मेट नसताना.

१९३० च्या दशकाच्या मध्यास शिलिंग यांनी अनेक व्यावसायिक पुरुष चालकांना मागे टाकले. त्यांत नोएल पोप यांचेही नाव घेतले जाते. पोप यांनी पुढे जुलै १९३९ मध्ये ब्रफ सुपीरिअर या गाडीवर ताशी १२४.५१ मैलांचा जो विक्रम केला, तो ब्रुकलँड्सवरील मोटारसायकलचा अखेरचा आणि म्हणून कायमचा विक्रम ठरला. शिलिंग ज्यांच्याशी स्पर्धा करीत होत्या ते चालक कोणत्या दर्जाचे होते, हे त्यावरून स्पष्ट होते. ही शर्यत स्त्रियांसाठी वेगळी राखलेली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.

सुवर्णतारा मिळवणाऱ्या तिसऱ्या व शेवटच्या स्त्री थेरेसा वॉलॅक या होत. त्यांनी तो १९३९ मध्ये ३५० सीसीच्या नॉर्टनवर मिळवला. त्याआधी १९३४-३५ मध्ये ब्लेंकिरॉन व वॉलॅक यांनी साइडकार जोडलेल्या पँथर मोटारसायकलवरून लंडन ते केपटाऊन असा सहारा ओलांडून प्रवास केला होता. वॉलॅक यांचेही शिक्षण अभियांत्रिकीचेच.

ब्रुकलँड्सचे दार असे किलकिले झाले होते, पण आयल ऑफ मॅनचे झाले नव्हते. तेथील टीटी शर्यतीत पहिली स्त्री दिसली ती १९५४ मध्ये, तीही साइडकारमधील जोडीदार म्हणून. त्या होत्या इंगे स्टोल. मोटारसायकल एकटीने चालवण्याची पहिली संधी १९६२ मध्ये बेरिल स्वेन यांना मिळाली आणि त्यानंतर लगेच चालकाच्या किमान वजनाची अट पुढे करून त्यांचा परवाना काढून घेण्यात आला. शिलिंग यांच्या ऐन उमेदीच्या काळात रस्त्यावरील सर्वांत मोठी मोटारसायकल शर्यत स्त्रियांसाठी बंदच होती. त्यांची सर्व कारकीर्द एका वर्तुळाकार मार्गावर घडली, त्याचे कारण हे.

फार्नबरो येथील नोकरी

१९३६ मध्ये शिलिंग फार्नबरो येथील ‘रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट’ या सरकारी विमान-संशोधन संस्थेत दाखल झाल्या. सुरुवातीला त्यांना इंजिनांच्या हस्तपुस्तिका लिहिण्याचे काम देण्यात आले. सुपरचार्जरवर संशोधन केलेल्या आणि स्वतःचे इंजिन स्वतः ट्यून करणाऱ्या व्यक्तीला टेबलावर बसवून पुस्तिका लिहावयास लावणे हा त्या व्यक्तीचा योग्य उपयोग नव्हता. काही महिन्यांत त्यांची बदली इंजिन विभागात झाली. महायुद्ध सुरू झाले तेव्हा कार्ब्युरेटरविषयक संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांचा विवाह त्याच संस्थेत काम करणारे जॉर्ज नेलर यांच्याशी झाला. नेलर यांनी ब्रुकलँड्सचा सुवर्णतारा मिळवल्याखेरीज आपण लग्न करणार नाही, अशी अट शिलिंग यांनी घातली होती असे सांगितले जाते. ही गोष्ट त्यांच्यावरील बहुतेक सर्व लेखनात येते. ती खरी असो वा सहकाऱ्यांनी रंगवलेली, त्यांच्या घरात वेगाला काय स्थान होते हे त्यातून कळते. ब्रिटिश सरकारी सेवेत लग्न झालेल्या स्त्रीने नोकरी सोडण्याची प्रथा १९४६ पर्यंत चालू होती; शिलिंग यांचे काम मात्र लग्नानंतरही अखंड चालू राहिले. युद्धकाळात नेलर वैमानिक झाले आणि ब्रिटिश हवाई दलाच्या ६२५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून बाँबफेकी विमाने चालवू लागले. हे स्क्वाड्रन लँकेस्टर विमाने वापरीत असे. त्या विमानांना चार-चार मर्लिन इंजिने असत.

मर्लिन इंजिनातील दोष

हरिकेन व स्पिटफायर या दोन्ही ब्रिटिश लढाऊ विमानांना मर्लिन हेच इंजिन होते. हरिकेनच्या पहिल्या नमुन्याने ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिले उड्डाण केले ते ब्रुकलँड्सच्या आवारातील धावपट्टीवरून; ज्या मार्गावर शिलिंग नॉर्टन पळवीत, तो या धावपट्टीला वेढा घालून होता. १९४० मध्ये फ्रान्सवर आणि नंतर इंग्लंडवर झालेल्या हवाई लढायांत या विमानांची एक घातक उणीव उघडी पडली. जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाचा वैमानिक संकटात सापडला की विमानाचे नाक एकदम खाली दाबून सूर मारी. पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाने तसेच केले की त्याचे इंजिन अडखळे, काळा धूर ओकी आणि काही वेळा बंदच पडे. तेवढ्या वेळात शत्रू निसटून जाई किंवा उलटून मागे येई.

याचे मूळ कार्ब्युरेटरमध्ये होते. जर्मन इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. मर्लिनमध्ये फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. घरावरील पाण्याच्या टाकीत जसा बॉलकॉक असतो, तसाच फ्लोट कार्ब्युरेटरच्या कप्प्यात असतो. इंधनाची पातळी वाढली की तो वर येतो आणि नळ बंद करतो. पातळी उतरली की नळ उघडतो. ही सारी व्यवस्था वजन खाली ओढते या गृहीतकावर उभी आहे. विमानाचे नाक झटक्यात खाली गेले की आतील प्रत्येक वस्तू क्षणभर वर फेकली जाते. कप्प्यातील पेट्रोल छताकडे जाते आणि इंजिनाकडे जाणारे तोंड कोरडे पडते. ही पहिली, क्षणिक खोट. त्यानंतरची खोट अधिक वाईट. फ्लोटची दिशा उलटल्यामुळे नळ सताड उघडा राहतो, पंप पूर्ण जोराने पेट्रोल ढकलत राहतो आणि इंजिन पेट्रोलने तुंबते. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर गाडी फ्लड होते. मोटारसायकलस्वाराला हा प्रकार अपरिचित नसतो.

ब्रिटिश वैमानिकांनी यावर आपल्यापरीने तोड काढली होती. नाक सरळ खाली न दाबता ते विमान आधी पालथे करीत आणि मग सूर मारीत, म्हणजे वजनाची दिशा इंजिनाच्या दृष्टीने बदलत नसे. पण यात मोलाचे क्षण जात. इंधन फवारण्याची नवी पद्धत किंवा नव्या प्रकारचा कार्ब्युरेटर तयार करणे हा खरा उपाय होता. त्याला काही वर्षे लागणार होती आणि लढाई तर चालू होती.

शिलिंग यांनी प्रश्न लहान करून पाहिला. पहिली क्षणिक खोट तूर्त सोडून द्यावी आणि इंजिन तुंबणे तेवढे थांबवावे. इंजिन पूर्ण शक्तीने चालताना त्याला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागते हे मोजता येते. पुरवठ्याच्या नळीत नेमके तेवढेच पेट्रोल जाऊ देणारे छिद्र ठेवले, तर फ्लोटचा नळ कितीही उघडा राहिला तरी इंजिन तुंबणार नाही. छिद्र गरजेपेक्षा किंचित लहान झाले तर चढाई करताना इंजिन उपाशी राहील. किंचित मोठे झाले तर उपयोगच नाही. त्यामुळे सगळे मर्म छिद्राच्या मापात होते. इंजिनातील हवेच्या दाबाच्या दोन वेगळ्या पातळ्यांसाठी दोन वेगळ्या मापांचे अडसर तयार करण्यात आले. आरंभी त्यांचा आकार शिवणकामातील टोपणासारखा होता, नंतर साध्या वॉशरसारखी चपटी चकती वापरात आली. कार्ब्युरेटरच्या अलीकडे नळीच्या जोडात ती बसवता येई आणि त्यासाठी विमान कारखान्यात पाठवावे लागत नसे.

१९४१ च्या प्रारंभी शिलिंग यांनी एक लहान पथक घेऊन लढाऊ विमानांच्या तळांना भेटी देण्यास सुरुवात केली. आघाडीवरच्या तुकड्यांना प्राधान्य देऊन त्यांनी हे अडसर बसवून दिले. या दौऱ्यात त्या आपल्या जुन्या नॉर्टनवरून हिंडत असत असे सांगितले जाते. मार्च १९४१ पर्यंत अडसरांचा वापर सर्वत्र सुरू झाला होता. पुढे १९४३ मध्ये दाबावर चालणारे नवे कार्ब्युरेटर येईपर्यंत या चकतीवर काम भागले.

चकतीचे सरकारी नाव संस्थेच्या नावावरून पडले होते. तळांवरील सैनिकांनी मात्र तिला ‘मिस शिलिंगचे छिद्र’ असे द्व्यर्थी नाव दिले आणि तेच टिकले. त्या वेळी त्यांच्या लग्नाला अडीच वर्षे झाली होती, तेव्हा यातले ‘मिस’ही चुकीचेच. ज्या शोधासाठी पुरुष अभियंत्याचे नाव आदराने यंत्राला दिले गेले असते, तो एका चावट विनोदामुळे लोकांच्या लक्षात राहिला.

या शोधामुळे ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ जिंकली गेली असे विधान लोकप्रिय लेखनात पुष्कळदा आढळते. ते कालक्रमाला धरून नाही. ती लढाई जुलै ते ऑक्टोबर १९४० या काळात झाली, तर अडसर त्यानंतरच्या वर्षी बसवले गेले. त्यांचा लाभ झाला तो पुढील दोन वर्षांत. याच इंजिनाची हरिकेन विमाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या तुकड्याही वापरीत होत्या.

युद्धानंतर

ब्रुकलँड्स १९३९ मध्ये बंद झाले ते पुन्हा उघडले नाही. युद्धकाळात विमान-कारखान्यांच्या सोयीसाठी मार्ग जागोजागी फोडण्यात आला होता आणि नंतर सर्व आवार कारखान्यांकडेच राहिले. शिलिंग यांची मोटारसायकल शर्यतीची कारकीर्द अशा रीतीने जागेअभावी संपली. त्यानंतर पती-पत्नी चारचाकींच्या शर्यतींकडे वळले. १९५९ ते १९६२ या काळात त्यांनी ऑस्टिन-हीली सेब्रिंग स्प्राइट ही मोटार गुडवुड येथील मार्गावर शर्यतींत उतरवली. एकदा पहिला व अनेकदा तिसरा क्रमांक मिळवला. पन्नाशीत केलेली ही कामगिरी आहे. गुडवुडचा मार्ग म्हणजे युद्धकाळातील एका लढाऊ विमानतळाभोवतीचा रस्ता होय.

फार्नबरो येथे त्यांनी १९६९ पर्यंत काम केले. ब्लू स्ट्रीक या क्षेपणास्त्राच्या प्रकल्पात त्यांचा सहभाग होता. ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक का लागत नाहीत, यावरही त्यांनी संशोधन केले. हवाई दलाच्या ऑलिंपिक संघासाठी बर्फावरून घसरणारी बॉबस्ले गाडी तयार करण्यातही त्यांनी मदत केली. १९६७ मध्ये अमेरिकन चालक डॅन गर्नी यांच्या ‘ईगल’ या फॉर्म्युला वन मोटारीचे इंजिन तापत असल्याने त्यांचा सल्ला घेण्यात आला. गर्नी यांनी त्याच वर्षी जूनमध्ये या मोटारीवर बेल्जियन ग्रां प्री जिंकली. या विजयाचे श्रेय शिलिंग यांच्या सल्ल्याला द्यावे इतपत पुरावा नाही. पण साठीला टेकलेल्या सरकारी अभियंतेकडे फॉर्म्युला वनचा संघ मदतीसाठी जातो, हे पुरेसे बोलके आहे.

ब्रिटिश सरकारने त्यांना ‘ओबीई’ हा किताब दिला. सरे विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. नोकरीत त्या वरिष्ठ पदापर्यंत पोहोचल्या, परंतु संस्थेतील सर्वोच्च पदे पुरुषांसाठीच असल्याने ती त्यांना मिळाली नाहीत. ब्रिटिश सरकारी सेवेत स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्यास १९५५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आणि ते १९६१ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे मर्लिनवरील कामाच्या वेळी आणि त्यानंतरही बरीच वर्षे, तेच काम करणाऱ्या पुरुषाला त्यांच्याहून अधिक वेतन मिळण्याची व्यवस्था कायम होती.

मृत्यू व स्मृती

शिलिंग यांचे १८ नोव्हेंबर १९९० रोजी पाठीच्या कण्याच्या कर्करोगाने निधन झाले. मॅथ्यू फ्रॉइडेनबर्ग यांनी लिहिलेले त्यांचे ‘निगेटिव्ह ग्रॅव्हिटी’ हे चरित्र २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉयल हॉलोवे येथील अभियांत्रिकीच्या इमारतीला आणि कॉव्हेंट्री विद्यापीठातील एका इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. फार्नबरो गावात त्यांच्या टोपणनावावरून ‘टिली शिलिंग’ नावाचे मद्यगृह आहे.

ब्रुकलँड्सच्या मार्गाचा काही भाग व उंच वळणाचा एक तुकडा आज संग्रहालयाच्या रूपाने जतन केलेला आहे. शिलिंग यांनी शर्यतींत मिळवलेले बिल्ले आणि चषक या संग्रहालयाने २०१५ मध्ये विकत घेतले.